पाठीवरची सात नावं

"पाठ सैल सोडा, मास्तर. मी मारणार नाही."

"सैलच आहे, नाना."

"ही? ही दाराची फळी आहे."

मी श्वास सोडला. त्यांचं नाव बोआचे; 'नाना' ही तिकडची वडीलधाऱ्यांना मानाची हाक. ते त्यांच्या बुटक्या लाकडी बैठकीवर बसले होते आणि मी त्यांच्या पुढ्यात, जमिनीवर, सदरा काढून पाठमोरा. त्यांची बोटं माझ्या खवाट्यांवर, खांद्यामागच्या त्या दोन पसरट हाडांवर, येऊन टेकली. मग डावीकडे दोन जड थापा, उजवीकडे एक हलकी, पुन्हा डावीकडे एक, आणि मग एक इतकी लांब थांबण की मला वाटलं संपलं. संपलं नव्हतं.

"कळलं?"

"नाही."

"छान. आता मांडीवर वाजवून दाखवा."

"कळलं नाही म्हणतोय ना, नाना."

"तुम्हाला नाही कळलं. हातांना विचारा. जल्दी, मास्तर, जल्दी."

'जल्दी' हा शब्द ते नाशिकजवळ शिकले होते. दुसऱ्या महायुद्धात गोऱ्या सरकारने त्यांना ब्रह्मदेशात लढायला नेलं तेव्हा वाटेत काही महिने त्यांची पलटण तिथल्या छावणीत होती. त्यांचं इंग्रजीही पलटणीतलंच, आणि आमचं सगळं बोलणं त्या इंग्रजीतून चालायचं.

हे १९७६ सालचं. घानामध्ये कोकोच्या बागांमधलं बोंफाक्रोम नावाचं गाव होतं आणि तिथल्या शाळेत मी करारावर भूगोल शिकवत होतो. मिरजेहून गेलो होतो. मिरजेत माझं बालपण सतारी करणाऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी गेलं, पण मी कधी एक तार छेडली नाही. दुकानाच्या पायरीवर बसून पुस्तक वाचायचो. पुढेही तेच. वर्गात निभायचं, कारण हातात पुस्तक असायचं. पण चार मोठ्या माणसांपुढे उभं राहिलं की तोंडाला कोरड पडायची आणि आधी पाठ केलेलं वाक्यही अर्ध्यात सुटायचं. माझ्या हातून काही धड होईल असं मला तेव्हा वाटत नव्हतं. आता चौऱ्याऐंशी संपली, आणि हे तरी धड लिहून होईल की नाही, शंकाच आहे.

तिथे एक गोष्ट मात्र मी नेटाने धरली होती. बोआचे हे गावच्या राजाचे ढोलवादक. त्यांच्याकडे जो ढोल होता त्याला आतुम्पान म्हणतात. ढोल कसला, जोडी. कमरेइतके उंच, सुरईसारख्या घाटाचे दोन ढोल. एकाचा आवाज जाड, दुसऱ्याचा बारीक. त्या लोकांच्या भाषेत शब्द नुसता उच्चारून भागत नाही, तो चढा की उतरता यावर त्याचा अर्थ ठरतो. तोच चढउतार या दोन ढोलांवर वाजवला की मैलभर दूर कोकोच्या झाडाखाली बसलेल्या माणसाला पुरतं वाक्य ऐकू येतं. राजाने सभा बोलावली आहे, अमक्या वाडीला आग लागली आहे, तमक्याचं दुःख आमचंही आहे. राजांच्या सात पिढ्यांचा इतिहास त्या गावात कुठे लिहिलेला नव्हता. तो ढोलात होता, म्हणजे बोआच्यांत होता.

यावर मी एक लहानसं पुस्तक लिहिणार होतो. मराठीत. कुणाला हवं होतं, देव जाणे. दर रविवारी वही घेऊन त्यांच्या अंगणात जाऊन बसायचो.

पहिल्याच रविवारी मी विचारलं होतं, "हा ढोल मुळात आला कुठून?"

"तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय?"

"दोन-तीन मतं आहेत."

"म्हणजे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मला एकच माहीत आहे." ते हसले. खालचे दोन दात नव्हते. "तो झाडातून आला. माझ्या पणजोबांनी झाडाच्या मुळाशी अंडं फोडलं आणि झाडाला सांगितलं, बाबा रे, तुला चुलीत घालायला नेत नाही. तुला तोंड देणार आहे. मग कुऱ्हाड लावली. कातडं हत्तीच्या कानाचं घेतलं."

"कानाचंच का?"

"पायाचं घेतलं असतं तर ढोल चालायला नसता का लागला?" माझी पेन्सिल चाललेली पाहून ते म्हणाले, "हे लिहू नका, ही गंमत आहे. कान लांबचं ऐकतो. जो ऐकतो त्यालाच बोलायला लावायचं. हे लिहा."

वाजवायच्या आधी ते ढोलाला उठवायचे. झाडाला नावाने हाक, मग हत्तीला, मग कातडं ताणणाऱ्या खुंट्यांना, मग दोरीला. प्रत्येकाची विचारपूस. ते झाल्याशिवाय कामाची गोष्ट नाही. आणि एक रिवाज असा की ढोलवादकाने आपला ढोल स्वतः उचलून न्यायचा नाही. नेला तर त्याला वेड लागतं. दुसऱ्यांनी डोक्यावरून न्यायचा आणि याने मागून रिकाम्या हाताने यायचं. असं पुष्कळ मी चार वर्षांत लिहून घेतलं. एकच प्रकरण कोरं राहिलं. राजा गेल्याचं ढोल कसं सांगतो?

ते विचारलं तेव्हा बोआचे उठून शेळीला दावं बांधायला निघून गेले. परत आल्यावर म्हणाले, "राजे जिवंत आहेत."

"मी नुसतं माहितीसाठी..."

"राजे जिवंत असताना ते ढोलावर वाजत नाही. टेबलावर नाही, डब्यावर नाही, तोंडाने नाही. त्यांनी ऐकलं तर?"

राजे थकले होते हे खरं. पाय सुजून मेढीसारखे झाले होते आणि ते वाड्याबाहेर क्वचितच येत. मी ओशाळलो आणि विषय सोडला. तीन आठवड्यांनी बोआच्यांनी आपण होऊन काढला.

"ते तुम्हाला हवंय अजून?"

"हवं तर आहे. पण तुमचा नियम..."

"वहीत उतरवायचं नाही. कबूल?"

"मग मला आठवणार कसं?"

"सदरा काढा," ते म्हणाले.

तर असं मी त्या दिवशी उघड्या पाठीने बसलो होतो. आधी ते मुख्य वाक्य, राजा गेल्याचं. ते पाठीवरून हातात उतरायला दोन रविवार गेले. मग होऊन गेलेल्या सात राजांची नावं, दर रविवारी एक. प्रत्येक नावाची थाप वेगळी, त्याच्यामागे त्याच्या पराक्रमाचं शेपूट. ते पाठीवर वाजवायचे, मी मांडीवर. चुकलो की मानेवर टिचकी. मी एकोणपन्नास वर्षांचा होतो.

"तुमच्या मुलांना शिकवलं असेल हे," मी एकदा म्हणालो.

"मोठा ट्रक चालवतो. त्याला फक्त हॉर्न वाजवता येतो." पाठीवरची बोटं थांबली नाहीत. "धाकटा चर्चमध्ये उपदेश करतो. तो म्हणतो, ढोलात सैतान आहे. मी म्हटलं, असेल बाबा, मी चाळीस वर्षं त्याला बडवतोय, अजून बाहेर आला नाही. पाचवं नाव पुन्हा."

घरी जेवताना माझे हात चालू असायचे. प्रमिला, माझी बायको, वैतागायची.

"अहो, मांडीवर काय कणीक तिंबताय? भात निवला."

"पाठ करतोय."

"इतकं मन लावून तुम्ही कधी भाजी आणली असती तर."

पण ती हसत होती. तिथे गेल्यापासून मी कुणाकडे तरी आपण होऊन जातो, कुणाला तरी माझी वाट पाहावीशी वाटते, याचं तिला बरं वाटत असावं.

फेब्रुवारीत शाळेचा वाढदिवस आला. हेडमास्तर आडोमाको मोठे उत्साही गृहस्थ. त्यांनी ठरवलं की बोआच्यांनी ढोलावर पाहुण्यांचं स्वागत करायचं आणि नंतर मी 'आपल्या भूमीचा ढोल' या विषयावर दहा मिनिटं बोलायचं.

"मी? लोकांसमोर?"

"अहो दिघे, सगळा गाव म्हणतो, आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे."

मी भाषण लिहून काढलं. अकरा पानं. ढोल चार मुलांच्या डोक्यावरून आले, मागून नवा झगा खांद्यावर घेऊन बोआचे आले. त्यांनी ढोलाला उठवलं, पाहुण्यांचं स्वागत वाजवलं, टाळ्या झाल्या आणि हेडमास्तरांची माणसं त्यांना मानाने शाळेमागच्या आंब्याखाली ताडी प्यायला घेऊन गेली. मी बोललो. खाली बघून वाचत गेलो तरी लोक ऐकत होते. अंड्याच्या गोष्टीला बायका हसल्या. शेवटी टाळ्या इतक्या झाल्या की मी मान वर करून पाहिलं. असं माझ्या बाबतीत आधी कधी झालं नव्हतं.

"आता," आडोमाको माझ्या खांद्यावर हात ठेवून लोकांना म्हणाले, "आपले मास्तर दोन थापा वाजवूनही दाखवतील."

"नाही, नाही. मला येत नाही."

"दोनच. नुसतं नमस्कार म्हणा. मुलांना मौज."

त्यांनी त्या आकड्यासारख्या वाकड्या काठ्या माझ्या हातात दिल्या. मी बोआच्यांना शोधलं, ते दिसेनात. समोर चारशे माणसं. नमस्काराची थाप मला माहीत होती. वहीत तेराव्या पानावर होती, माझ्या अक्षरात, खुणांसकट. पण ती फक्त वहीत होती. डोळ्यांपुढे पांढरं झालं. मी काठ्या उचलल्या आणि हातांना जे येत होतं ते त्यांनी वाजवलं. डावीकडे दोन, उजवीकडे एक, डावीकडे एक, आणि ती लांब थांबण.

त्या थांबणीत मला काही ऐकू आलं नाही. चारशे माणसांचा एवढाही आवाज नाही. हात पुढे गेले, वाक्य पुरं झालं. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले होते. मग एकीने हंबरडा फोडला. वाड्याच्या दिशेने काही पुरुष पळत सुटले.

वाडा शाळेपासून दोनच शेतं दूर होता. राजे खिडकीशी पडून होते आणि त्यांना ऐकायला चांगलं यायचं.

बोआचे पळत आले. मी त्यांना पळताना कधी पाहिलं नव्हतं. झगा एका हातात गोळा करून, अनवाणी. त्यांनी काठ्या माझ्या हातातून काढून घेतल्या, माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि वाजवायला लागले. पाऊण तास ते वाजवत होते. राजे आहेत, राजे आहेत, चूक झाली, राजे आहेत. घामाने झगा पाठीला चिकटला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आमच्या घरी आले. प्रमिलाने चहा केला. त्यांनी तो घोटाघोटाने संपवला.

"बुधवारी वाड्यावर बोलावलंय," ते म्हणाले.

"नाना, मी येतो. चूक माझी आहे."

"तुम्ही घरी बसा. मी सांगेन, परका माणूस आहे, आजूबाजूच्या गावांत मयतीला जातो, कुठेतरी ऐकलं आणि पोपटासारखं वाजवलं. ते मला शिव्या घालतील. मेंढी मारावी लागेल, दारू ओतावी लागेल. राजांचं मन शांत होईल. झालं."

"आणि ढोल?"

"ढोल माझ्याकडे राहील. पण तुम्ही घरी बसलात तर."

"पण ते खोटं होईल."

"बाई," ते प्रमिलाकडे पाहत म्हणाले, "यांना घरात कोंडता येईल का?"

"कडी आहे दाराला," प्रमिला म्हणाली, आणि तिघंही थोडं हसलो.

मंगळवारभर मला अन्न गेलं नाही. एका म्हाताऱ्या माणसाने माझ्यासाठी खोटं बोलून शिव्या खायच्या आणि मी घरात बसायचं. मी आयुष्यभर असाच बसलो होतो. मिरजेच्या शाळेत एका शिपायावर चोरीचा खोटा आळ आला तेव्हा, तो निर्दोष आहे हे माहीत असून, मी बसलो होतो. बुधवारी सकाळी मी इस्त्रीचा सदरा घातला.

"अहो, ते नको म्हणालेत ना?" प्रमिला दारात उभी राहिली. "त्यांना त्यांची माणसं ठाऊक आहेत. तुम्हाला काय ठाऊक आहे?"

"खरं काय ते मला ठाऊक आहे."

ती बाजूला झाली. कडी लावली असती तर बरं झालं असतं, असं ती पुढे कधी म्हणाली नाही. मीच म्हणत आलो.

वाड्याच्या चौकात वडीलधारे अर्धवर्तुळात बसले होते. मधोमध उंच बैठकीवर राजे, सुजलेले पाय उशीवर. राजांशी थेट बोलायचं नसतं. त्यांच्या बाजूला हातात कोरीव काठी घेतलेले प्रवक्ते असतात, त्यांना सांगायचं, ते राजांना सांगतात. बोआचे झगा कमरेपर्यंत उतरवून, चपला काढून उभे होते. मी आडोमाकोंच्या शेजारी जाऊन बसलो. ते माझ्या कानात भाषांतर करत होते. बोआच्यांनी मला पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

"हे वाजवणं त्याला कुठून आलं?" प्रवक्त्यांनी विचारलं.

"त्याला कान आहेत," बोआचे म्हणाले. "परक्या गावच्या मयतीत ऐकलं असेल. अर्थ त्याला काय माहीत? पोपटाने शिवी दिली म्हणून पोपटाशी कुणी भांडत नाही."

दोघं-तिघं म्हातारे हसले. राजांच्या तोंडावरही काहीतरी हललं. प्रवक्ते वाकून राजांशी बोलले आणि मग मेंढीचं बोलणं सुरू झालं. पांढरी हवी, एक म्हणाला. दुसरा म्हणाला, पांढरी या गावात फक्त बोआच्याच्या मेव्हण्याकडे आहे, म्हणजे घरातलीच घरात. पुन्हा हशा झाला. आडोमाको मला म्हणाले, "सुटले."

आणि मी उभा राहिलो.

मला अजून कळत नाही, तेव्हा जीभ कशी चालली. कोरड नाही, अडखळणं नाही. मी म्हणालो की हे माझ्यामुळे झालं आणि बोआचे मला वाचवण्यासाठी स्वतःकडे कमीपणा घेताहेत. मी कुठल्या मयतीत ऐकलेलं नाही. मी त्यांच्या मागे लागलो होतो. पण त्यांनी गावचा नियम अक्षराएवढाही मोडला नाही, हे सभेला कळलं पाहिजे. राजे जिवंत असताना ते वाक्य त्यांनी ढोलावर वाजवलं नाही. टेबलावर नाही, डब्यावर नाही, तोंडाने म्हटलं नाही. आवाज म्हणून होऊ दिला नाही. त्यांनी ते फक्त बोटांनी माझ्या पाठीवर वाजवून दाखवलं.

आडोमाको भाषांतर करता करता थांबले.

"सांगा ना," मी म्हणालो.

"दिघे, हे सांगू का?"

"तोच तर मुद्दा आहे."

त्यांनी सांगितलं. प्रवक्ते दोन पावलं पुढे आले आणि मला त्यांनी काही विचारलं.

"पाठीवर कुठे, विचारताहेत," आडोमाको म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता.

मी पाठ वळवली आणि हात मागे नेऊन खवाटा दाखवला.

"वाक्यच? की नावंही?"

"सातही," मी म्हणालो. मला वाटलं, जितकं पुरतं सांगेन तितकं ते सुटतील.

प्रवक्ते बोआच्यांकडे वळले. "तुला मुलगे किती?"

"दोन."

"त्यांच्या पाठीवर हात ठेवला होतास?"

बोआच्यांनी नजर जमिनीकडे नेली.

"माझ्याकडे बघून सांग."

"त्यांनी पाठ दिली नाही," बोआचे म्हणाले.

राजांनी एकच वाक्य उच्चारलं. ते थेट बोलले, प्रवक्त्यांमार्फत नाही. आडोमाकोंनी मला त्याचं भाषांतर केलं नाही आणि मीही विचारलं नाही. चार माणसं उठून बोआच्यांच्या घराकडे गेली. थोड्या वेळाने ढोल डोक्यांवरून वाड्यात आले. बोआचे त्यांच्या मागून चालत नव्हते. ते चौकात तसेच उभे होते, उघड्या अंगाने, आणि स्वतःच्या हातांकडे पाहत होते.

परत येताना आडोमाकोंनी मला सांगितलं. ढोल शिकवणारे पुष्कळांना शिकवतात, लाकडावर, डब्यावर, तोंडाने. पाठीवर हात एकाच्याच ठेवतात. ढोलवादकाने पाठीवर नावं वाजवली म्हणजे आपल्यामागे ढोल याचा, असं त्याने ठरवलं.

"तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

"नाही."

"चार वर्षं लिहून घेत होतात ना?"

मी चालत राहिलो.

"त्यांचाही मूर्खपणाच," आडोमाको म्हणाले. "आज ना उद्या तुम्ही विमानात बसून जाणार. पण दुसरं कोण होतं त्यांच्याकडे? मातीत जाण्यापेक्षा कुणाच्या तरी अंगात राहावं, असं वाटलं असेल." मग म्हणाले, "मेंढीवर भागलं होतं हो, दिघे."

त्यानंतर मी बोआच्यांकडे गेलो नाही. दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परतलो. ते रस्त्यात भेटले नाहीत. ते घराबाहेर पडत नाहीत, असं ऐकलं.

राजे डिसेंबरात गेले. ते गेल्याचं नेहमीप्रमाणे काही दिवस लपवून ठेवलं गेलं, आणि एका सकाळी, मी दाढी करत असताना, वाड्याकडून ढोल सुरू झाला. शेजारच्या गावाहून वादक आणला होता. ढोल तेच. प्रमिला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मुख्य वाक्य त्याने चांगलं वाजवलं, ती लांब थांबणही. मग नावं सुरू झाली. पहिलं, दुसरं. तिसरं नाही. चौथं त्याने वाजवलं, पण मागचं शेपूट दुसऱ्याच कुणाचं. पाचवं नाही. सहावं आलं. सातवं, म्हणजे ज्याने ते गाव वसवलं त्याचं, आलं नाही. तो पुन्हा पहिल्यावर गेला. तीन फेऱ्या झाल्या; दर फेरीत तेवढीच.

वाड्यातल्या म्हाताऱ्यांना कळलं असेल का, मला माहीत नाही. ज्याला नक्की कळलं होतं तो गावात एकच होता, आणि दुसरा मी.

मी अर्धी दाढी तशीच पुसली आणि निघालो. डोक्यात एवढंच होतं की त्यांच्यापाशी जाऊन सांगायचं, मला ऐकू आलं. तिसरं, पाचवं, सातवं. ती कुठेही गेलेली नाहीत, सगळी आहेत.

बोआचे अंगणात त्यांच्या बैठकीवर बसले होते. वाळले होते. ढोल अजून वाजत होता आणि ते ज्या बाजूने आवाज येत होता तिकडे पाठ करून बसले होते. मला येताना पाहून ते उठले. आत गेले आणि एक बाक घेऊन आले, तो माझ्यासमोर ठेवला, मी बसल्यावर पुन्हा आत गेले आणि पेल्यातून पाणी घेऊन आले. दोन्ही हातांनी पुढे केलं.

त्या भागात परका पाहुणा दारी आला की त्याला आधी बसायला आणि पाणी देतात, आणि तो प्यायला की त्याचं येण्याचं कारण विचारतात. घरच्या माणसाला असं करत नाहीत; तो येतो आणि बसतो. मी चार वर्षं येऊन जमिनीवर बसत होतो.

मी पाणी प्यालो. ते समोर उभे राहिले आणि बोलले, इंग्रजीत नाही, त्यांच्या भाषेत, ठरलेल्या शब्दांत. तेवढी भाषा मला येत होती.

"आमच्याकडे सर्व क्षेम आहे. आपण वाट चालून आलात. आपलं काय काम होतं?"

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वाड्याकडून नावांची चौथी फेरी सुरू झाली. पहिलं. दुसरं. मग चौथं.

"काही नाही, नाना," मी म्हणालो. "सहज आलो होतो."

त्यांनी मान हलवली आणि रिकामा पेला घ्यायला हात पुढे केला.